पंढरपूर ते काळबादेवी : एकच दगड, किती माती

मातीचा अभ्यास करायला मे महिन्यासारखा महिना नाही. काळी रानं पुरती वाळलेली असतात, भेगा उघड्या असतात आणि घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींवर गवत-शेवाळ नसतं. जूनचा पाऊस पडला की हे सगळं झाकलं जातं. म्हणून पेपर तपासून हातावेगळे केले आणि भूशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन निघाले. मुलगी लातूरची, काळ्या रानात वाढलेली. मुलगा सिंधुदुर्गातला, जांभ्याच्या घरात जन्मलेला. वाट ठरली होती ती अशी : भीमेकाठची काळी जमीन, वाई, पाचगणी-महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर, तिथून रत्नागिरीचे सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारं, आणि मग काळबादेवीचा समुद्र.

या सगळ्या वाटेवर खालचा दगड एकच, बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. पाऊस मात्र सहाशे-सातशे मिलिमीटरपासून साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोगच म्हणायचा हा : दगड तोच, फक्त पाणी कमी-जास्त. माझा विषय मातीतली चिकणखनिजं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे दोन मायक्रॉनहून बारीक कण. पाण्यामुळे दगडाचं काय काय होतं ते या कणांत सगळ्यात स्पष्ट वाचता येतं.

सोमवार, भीमेचा काठ

पंढरपूरच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकरी आजोबांचं रान आहे. ज्वारी निघून गेली होती, जमीन उघडी होती. "बाई, ही बघा, अख्खी काठी जाती," म्हणत आजोबांनी हातातली काठी एका भेगेत सोडली. ती मुठीपाशी येऊन थांबली.

त्यांच्या परवानगीने बांधाजवळ दीड मीटर खोल खड्डा घेतला. वरचा वीतभर थर रवाळ, कोरडा, बोटांनी सहज चुरणारा. त्याखाली मोठी, टणक ढेकळं. खरी गंमत होती सत्तर-ऐंशी सेंटिमीटरच्या खाली. तिथे ढेकळं पाचरीच्या आकाराची होतात, दोन्ही बाजू तिरप्या. चाकूने एक पाचर सोडवून मुलीच्या हातात दिली आणि उन्हात तिरपी धरायला सांगितली. तिरप्या बाजूला तेलकट चकाकी होती आणि त्या चकाकीवर एका दिशेने गेलेले बारीक समांतर ओरखडे. कुणी घासलेलं नव्हतं. मातीनेच मातीला घासलं होतं.

काळ्या मातीतलं मुख्य खनिज स्मेक्टाइट. अतिशय पातळ पापुद्र्यांचं. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात, वाळलं की जवळ येतात. पावसाळ्यात खालची माती फुगते. आजूबाजूला जागा नसते, म्हणून ती तिरकी वर सरकते आणि सरकताना शेजारच्या मातीवर घासते. उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, वरची रवाळ माती त्या भेगांत पडून खोलवर जाते. पुढच्या पावसात तीच पुन्हा वर ढकलली जाते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं शेतकरी म्हणतात ते अक्षरशः खरं आहे.

आता प्रश्न असा, की इतक्या कमी पावसात एवढं स्मेक्टाइट आलं कुठून? दगडातली प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्सिन ही खनिजं कुजवून इतकी चिकणमाती तयार करायला आजचा पाऊस पुरत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेत डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या काळ्या मातींवर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं, हे स्मेक्टाइट पूर्वीच्या, अधिक ओल्या हवामानात तयार झालं आणि नद्या-ओढ्यांनी खाली आणून पसरलं. पुढे हवामान कोरडं होत गेलं आणि मातीत चुनखडी जमू लागली. म्हणजे आजोबा ज्या जमिनीवर ज्वारी घेतात ती आजच्या पावसाची कमाई नाही. फार जुन्या पावसाची ठेव आहे.

चुनखडीचे खडे खड्ड्यात मीटरभर खाली भरपूर होते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसायचे. मुलगा ते मजेने पाहत होता, कारण त्याच्या गावच्या मातीत कुठेही आम्ल टाकलं तरी काही होत नाही. पण ही फसफस मला काळजीची वाटते. चुनखडी तयार होताना कॅल्शियम त्यात अडकून बसतं, त्यामुळे मातीच्या कणांभोवती सोडियमचं प्रमाण वाढतं. सोडियम वाढला की चिकणकण विखुरतात, छिद्रं बुजतात आणि पाणी जिरत नाही.

आजोबांनी हेच त्यांच्या भाषेत सांगितलं : "पूर्वी पाऊस झाला की चार दिसांत वापसा यायचा. आता आठ-आठ दिस औत घालता येत नाही." त्यांच्या विहिरीचं पाणीही जरा मचूळ लागलं. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, सोडियम जास्त निघाला तर जिप्सम टाका आणि रानाच्या खालच्या अंगाला चर काढा, असं त्यांना सांगितलं. अशी सोडियमने चोपण झालेली जमीन परत येते, पण वेळेवर ओळखली तर. माती परीक्षणाचा कागद हातात पडतो आणि त्यावरचे आकडे समजावून सांगायला कुणी नसतं, ही गोष्ट मला दर वेळी बोचते.

मंगळवार, पसरणी घाट

फलटणमार्गे वाईला पोचेपर्यंत दुपार झाली. वाटेत माळरानं लागली, जिथे मुरमावर वीतभर हलकी माती आहे आणि तिच्यावर बाजरी-मटकी. तिथे नमुने घेतले आणि पुढे निघालो.

वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात दोन काळ्या थरांच्या मध्ये लालभडक पट्टा दिसतो. गाडीतून जाणाऱ्याला तो रंगाचा फराटा वाटतो. जवळ गेलं तर हाताला मऊ लागतो, नखाने ओरखडता येतो आणि बोटं लाल होतात. लाव्हाचा एक थर आला, थंड झाला, मग बराच काळ दुसरा आलाच नाही. त्या मधल्या काळात ऊन-पावसाने खालच्या थराचा वरचा भाग कुजला, त्याची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती दाबून, भाजून गेला. कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन दगडाच्या दोन थरांत बंद होऊन राहिली आहे.

या लाल पट्ट्यांनी एक मोठं काम केलं. बेसॉल्टमध्ये झिरकॉनचे स्फटिक जवळजवळ नसतात, आणि अचूक वय काढायला झिरकॉनसारखं दुसरं खनिज नाही. पण लाव्हा थांबलेला असताना ज्वालामुखीची राख उडून या मातीवर पडायची आणि राखेत झिरकॉन असायचे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कण वेचून युरेनियम-शिसे पद्धतीने वयं काढली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामानुसार दख्खनच्या लाव्हाचा मुख्य टप्पा क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांचा शेवटचा कालखंड, संपण्याआधी सुमारे अडीच लाख वर्षं सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षं चालला. डायनोसॉर नाहीसे होण्याच्या चर्चेत हे आकडे आज जगभर वापरले जातात. त्यांना आधार मिळाला तो आपल्या घाटांतल्या या दुर्लक्षित लाल मातीचा.

रस्त्याच्या कडेला ढिगारा टाकायला जागा हवी म्हणून असे पट्टे बुजवले जातात, काही ठिकाणी त्यांवर काँक्रीट फवारलं जातं. दरडीच्या सुरक्षिततेसाठी ते लागतं, मान्य. पण एखादी चांगली कापणी अभ्यासासाठी उघडी ठेवता येईल.

बुधवार, पाचगणी आणि महाबळेश्वर

आजचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता.

सकाळी पाचगणीच्या टेबललँडवर गेलो. घोडे, भेळेच्या गाड्या, पर्यटकांची गर्दी, आणि पायाखाली जांभ्याचा सपाट कवच-थर. वाईत वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. तीस-बत्तीस किलोमीटरवर महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या वर. इतकं पाणी लाखो वर्षं दगडातून झिरपत राहिलं तर दगडातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. मग सिलिकाही जाते, जी बेसॉल्टमध्ये जवळपास निम्मी असते. मागे राहतं ते पाण्यात न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाचं हेमॅटाइट आणि गोएथाइट होतं, ॲल्युमिनियमचं गिब्साइट, आणि हे सगळं मिळून जांभा. उघड्यावर वाळला की अधिकच टणक होतो.

टेबललँडच्या कडेला उभं राहून मुलांना समोरचे माथे दाखवले. एकाच पातळीत कापल्यासारखे सपाट. कधी काळी ही एक सलग जमीन होती, तिच्यावर जांभा धरला. नंतर नद्यांनी मधला भाग कोरून नेला आणि कठीण टोपी असलेले माथे तेवढे शिल्लक राहिले. इथला जांभा कोकणातल्या खालच्या जांभ्यापेक्षा जुना मानला जातो.

दुपारी महाबळेश्वरच्या पूर्वेकडच्या उतारावर गेलो. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला होता, वाफ्यांवरचं प्लास्टिक निघत होतं. या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. तांबडी, आम्लधर्मी, पाणी धरून न ठेवणारी माती तिला मानवते. रंगपटाशी माती जुळवली, ऑगरने, म्हणजे मातीत भोक पाडणाऱ्या गिरमिटाने, मीटरभर खाली गेलो, तरी तांबडीच.

पण त्याच उतारावर, दोन तांबड्या रानांच्या मधे एक खोलगट जागा होती आणि तिथली माती काळी. राखाडी नव्हे, चांगली काळी. ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढली, ती न तुटता बोटभर लांब निघाली. शेजारच्या तांबड्या मातीची पट्टी पेराएवढी होण्याआधीच तुटली. लातूरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ही तर आमच्याकडची माती वाटते."

इतक्या पावसात काळी माती टिकायला नको. सगळ्या स्मेक्टाइटचं एव्हाना केओलिनाइट, म्हणजे न फुगणारं चिकणखनिज, होऊन जायला हवं होतं. सह्याद्रीत तांबड्या आणि काळ्या माती अशा शेजारी-शेजारी का आढळतात, याचं उत्तर तपस भट्टाचार्य, पाल आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलं. उत्तर दगडाच्या पोकळ्यांत होतं. आपल्या बेसॉल्टमध्ये वायूचे बुडबुडे राहून गेलेल्या जागा असतात आणि त्यांत झिओलाइट नावाची खनिजं वाढलेली असतात. त्यांतलं ह्यूलंडाइट हे कॅल्शियम असलेलं खनिज. दगड कुजतो तसं ते हळूहळू कॅल्शियम सोडत राहतं. पाऊस नेतो, झिओलाइट भरपाई करतं. त्यामुळे माती पूर्ण आम्लधर्मी होत नाही आणि स्मेक्टाइट तग धरतं. खोलगट जागेत वरून वाहून आलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही साचतं, तिथे काळी माती राहते. झिओलाइट संपले की ही राखणही संपते.

मला या संशोधनाबद्दल फार आदर आहे. पुस्तकात आम्ही शिकलो ते सोपं होतं : कमी पाऊस तर काळी, जास्त पाऊस तर तांबडी. प्रत्यक्षात बुडबुड्यात वाढलेलं एक खनिज हा नियम वाकवू शकतं, हे इथल्या मातीने शिकवलं. भट्टाचार्य पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

खळग्याच्या काठावर कुजलेल्या दगडाचा एक तुकडा फोडला. भिंगाखाली पोकळीच्या आत काचेसारखे, पांढरट, चपटे स्फटिक, कडा झिजलेल्या. विद्यार्थी आळीपाळीने पाहत होते. खळग्यातून पाच वेगवेगळ्या खोलींवरची माती घेतली, तो दगडही पिशवीत टाकला. शेतमालकाने विचारलं, "ताई, यात सोनं-बिनं हाय का?" त्यांना भिंग दिलं. ते बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांनी बायकोलाही बोलावून दाखवलं.

गुरुवार, आंबेनळी घाट

आंबेनळी घाट भूशास्त्रज्ञांना तोंडपाठ असतो. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं दख्खनच्या लाव्हाच्या थरसमूहांना दिलेली आहेत आणि हे तिन्ही समूह या एका उतरणीत ओळीने भेटतात. वरून खाली येताना आपण काळात मागे जात असतो.

वळणावळणावर गोल कुजलेले धोंडे दिसत होते, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. पाणी आधी दगडाच्या सांध्यांतून शिरतं, कोपरे दोन्ही बाजूंनी कुजतात म्हणून आधी जातात आणि मधला गाभा गोल होतो. बाहेरचे पापुद्रे पिवळट, हाताने निघणारे. आतला गाभा हातोड्यालाही दाद देत नाही.

याच कुजलेल्या थराबद्दल विद्यार्थ्यांशी गंभीरपणे बोलले. कठीण बेसॉल्टवर काही मीटर जाडीची मऊ, कुजलेली माती तीव्र उतारावर बसलेली असते. पाऊस झिरपतो, खालच्या कठीण दगडाला अडतो, माती जड होते आणि कणांना एकमेकांना धरून ठेवता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. माती किती जाड आहे, तिच्यात कोणती चिकणखनिजं आहेत, झरे कुठे फुटतात, याचे नकाशे वाडीवाडीसाठी व्हायला हवेत. हे काम शोधनिबंधापुरतं ठेवून चालणार नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते लागलं पाहिजे.

पोलादपूरला उतरल्यावर उकाडा अंगावर आला. संध्याकाळपर्यंत चिपळूण ओलांडून रत्नागिरीच्या वाटेला लागलो.

शुक्रवार, सडा

रत्नागिरीजवळचा सडा सकाळी आठलाच तापला होता. दूरवर सपाट कातळ, मधे करवंदीची जाळी आणि आंब्याच्या बागा. कातळ फोडून खड्डा करायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि कलम लावायचं, अशा उभ्या राहिलेल्या या बागा. त्यामागचे कष्ट खड्डा पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

एका चिरेखाणीत मालकाने उतरू दिलं. खाणीची भिंत म्हणजे आयता उभा छेद. वर कडक, छिद्रांचा, तपकिरी-लाल थर. त्याखाली चिरे निघतात तो नरम थर, लाल-पिवळा चितकबरा. अगदी तळाशी पांढुरकी-जांभळट मऊ माती, मुख्यतः केओलिनाइट. तिच्यात मूळ बेसॉल्टची ठेवण अजून ओळखू येते. पूर्वी टिकावाने चिरा काढायचे, आता पात्याचं यंत्र रुळावरून फिरतं आणि एका दिवसात भिंतच्या भिंत सरकते.

माझा विद्यार्थी म्हणाला, "आमचं घर याच चिऱ्याचं, मॅडम. उन्हाळ्यात पंखा लागत नाही." ते खरंच आहे, आणि चिऱ्याचं घर कोकणाला शोभतंही. चिरा काढूच नये असं मी म्हणणार नाही. पण सडा म्हणजे नुसता दगडाचा साठा नव्हे. पावसाचं पाणी त्याच्या छिद्रांतून आत जातं, तळच्या चिकणमातीला अडतं आणि उताराच्या कुशीत झरे होऊन बाहेर येतं. खालच्या वाड्यांच्या विहिरी त्यावर चालतात. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतात. अशा ठिकाणी जिथे सडा खोलवर काढला गेला तिथे खालच्या झऱ्यांचं काय झालं, हे मोजल्याशिवाय नवी खाण देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सात-बाऱ्यावर सडा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागतो. ज्या जमिनीवर अख्ख्या वाडीचं पाणी अवलंबून आहे ती खराबा कशी?

दुपारी उक्षीचं कातळशिल्प पाहिलं. जांभ्यात कोरलेला मोठा हत्ती, भोवती चौकट. कोकणातली अशी काही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कोरलेल्या रेषेच्या आतला पृष्ठभागही आता बाहेरच्यासारखाच काळपट पडला आहे. कोरल्यानंतर तिथे लोहाचा नवा पातळ लेप धरला. त्या लेपाचा अभ्यास कुणीतरी नीट करायला हवा. नमुना घ्यायचा तर शिल्पाबाहेरून.

शनिवार, काळबादेवी

समुद्रापर्यंत काय पोचतं, ते पाहायचं राहिलं होतं. रत्नागिरीच्या उत्तरेला काळबादेवीच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपाशी काळ्या वाळूचे पट्टे आहेत. मिऱ्या, नेवरे, मालगुंड या भागातही ही वाळू आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या उपसागरांतल्या जड खनिजांचा अभ्यास केला आहे.

मूठभर काळी वाळू कागदावर पसरली, कागदाखालून चुंबक फिरवला. काही कण ताठ उभे राहून चुंबकामागे धावले, ते मॅग्नेटाइट. बाकीचे काळे कण जागेवरून जेमतेम हलले. त्यांत मुख्य इल्मेनाइट, लोह आणि टायटेनियमचं ऑक्साइड. घनता ४.७, साध्या क्वार्ट्झची २.६५. लाटा हलके कण ओढून नेतात, जड मागे राहतात, म्हणून पट्टे. हे कण बेसॉल्टमध्ये पहिल्यापासून होते. दगडाचं बाकी सगळं कुजलं, विरघळलं, माती झालं. हे तेवढे नद्यांबरोबर खाली आले.

मासे वाळत घालणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "वाळू न्यायला इलात काय?" एक डबाभरच नेणार, असं सांगितल्यावर हसल्या. या वाळूवर खाणवाल्यांचा डोळा जुना आहे. टायटेनियमला मागणी आहे हे खरं, पण हाच पट्टा लाटांचा पहिला मार झेलतो आणि त्याच्या मागे यांची घरं आहेत. उपसायचं ठरवण्याआधी किनारा दर वर्षी किती सरकतो त्याची मोजणी झाली पाहिजे, आणि मावशींना त्याचे आकडे कळले पाहिजेत.

नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावून गाडीत ठेवल्या. प्रयोगशाळेत पहिला नंबर महाबळेश्वरच्या खळग्यातल्या मातीचा. चिकणकण वेगळे करून काचपट्टीवर पसरायचे आणि क्ष-किरणांखाली धरायचे. ग्लायकॉलची वाफ दिल्यावर आलेखावरचं शिखर १४ वरून १७ अँगस्ट्रॉमवर (हे पापुद्र्यांमधल्या अंतराचं माप) सरकलं तर ते स्मेक्टाइट; ७ वर असलेलं तिथेच राहिलं आणि ५५० अंशांना तापवल्यावर नाहीसं झालं तर केओलिनाइट. सह्याद्रीतल्या मातीत बहुधा दोन्हींचे पापुद्रे एकाच कणात मिसळलेले सापडतात, म्हणजे बदल अजून चालू आहे. तो किती पुढे गेलाय आणि त्या दगडात ह्यूलंडाइट किती उरलंय, हे दोन आकडे मला हवे आहेत. क्ष-किरण यंत्राची वेळ मुलीने फोनवरून परतीच्या वाटेवरच घेऊन ठेवली.